वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

आमच्या गल्लीतली नाली चार महिने तुंबलेली होती. गल्लीनं ठरवलं की अर्ज द्यायचा, आणि मी कथा लिहितो म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला. कचेरी मध्य प्रदेशातली, अर्ज हिंदीतच लागायचा, म्हणून मी दोन पानं भरून हिंदी खरडलं. त्यात ‘नारकीय यातना’ होत्या, ‘मूक आक्रोश’ होता आणि शेवटी अर्थातच ‘आपकी अति कृपा होगी’ होतं. कचेरीबाहेर सायकल स्टँडला लागून पत्र्याची एक शेड आहे, तिथं एक बाई हिंदी टाइपरायटर घेऊन बसतात, त्यांच्याकडून टाइप करून आण, असं वडिलांनी सांगितलं.

त्या बाईंना अख्खं बुरहानपूर जीजी म्हणायचं. साठीच्या पुढच्या, अंगानं किरकोळ, केस तेल लावून घट्ट बांधलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं अडकवलेली. त्यांनी माझी दोन्ही पानं वाचली. मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

“पहिले बस,” त्या म्हणाल्या. टेबलासमोर एक लोखंडी खुर्ची होती. “साहेबापुढं उभंच राहाचं आहे. इथं तरी बस.”

मी बसलो.

“नाली कुठली, कधीपासून भरली, कोनाकोनाच्या घरात पानी घुसते, ते कुठं लिवलं तू?”

“ते भावार्थात आलंय, जीजी.”

“हाव का? मग भावार्थ उपसायले कोन येईन?”

पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या दोन पानांच्या सात ओळी केल्या. यातना गेल्या, आक्रोश गेला. ‘कृपा’वर आल्या तेव्हा त्यांनी पेन्सिल इतकी जोरात ओढली की कागद फाटला. त्या जागी त्यांनी टाइप केलं, ‘कब तक होगा, लिखकर बताइए।’ मग कागद यंत्रातून काढून मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या. मी म्हटलं, जीजी, मला वाचता येतं.

“येते ना. म्हनूनच गडबड होते,” त्या म्हणाल्या. “डोळे झाक अन् ऐक. तुझंच आहे का ते सांग. वाचून दाखवल्याशिवाय इथं अंगठा नाही अन् सहीबी नाही.”

मी डोळे मिटून आमच्या नालीची कहाणी ऐकली आणि ती आमचीच होती. अकराव्या दिवशी नाली उपसली गेली. गल्लीला ते माझ्या लेखणीचं यश वाटलं आणि तो गैरसमज मी दूर केला नाही.

त्यानंतर मी त्या शेडमध्ये जाऊन बसायला लागलो. सकाळच्या शिकवण्या संपल्या की मला दुपार मोकळी असायची. वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसण्यापेक्षा जीजींच्या शेडमध्ये बसणं बरं, असं मी घरी सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. धूलकोटपासून खकनारपर्यंतची माणसं तिथं यायची आणि त्या लोखंडी खुर्चीवर बसून आपल्यावर काय गुदरलंय ते सांगायची. मी वही काढून टिपून घ्यायचो. एवढा कच्चा माल मला दुसरीकडे कुठं मिळाला असता? जीजींना ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

“काय लेखक महाराज,” त्या विचारायच्या, “आज किती दुःख गोळा झालं?”

मी हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

त्यांचा वाचून दाखवण्याचा सोहळा बघण्यासारखा असे. अर्ज टाइप झाला की त्या सगळ्यांना गप्प करायच्या, सायकल स्टँडवाल्यालासुद्धा. मग सावकाश, एकेका शब्दावर थांबत वाचायच्या. समोरच्यानं शेवटी ‘हे माझं आहे’ असं म्हटलं तरच शाईचा डबा उघडायचा. एकदा धूलकोटकडचे एक म्हातारे बाबा सगळं ऐकून नुसतेच बसून राहिले. त्यांच्या शेताकडे जाणारी वाट कोणीतरी काटे टाकून अडवली होती. जीजींनी विचारलं, बाबा, चुकलं का काही? बाबा म्हणाले, “चुकलं नाही माय. पन यातला मानूस रडून राहिला. मी रडायले नाही आलो, मी भांडायले आलो.”

जीजींनी तो कागद टरकावला. दुसरा घातला, आणि इतक्या खुशीत टाइप केला की टाइपरायटर टेबलावर सरकायला लागला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

‘कृपा’वरून कचेरीशी त्यांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. आवक खिडकीवरच्या बाबूला शेवटची ओळ वाचूनच कळायचं की अर्ज कुठून आलाय. एकदा आतून शिपाई आला. म्हणाला, जीजी, मोठे बाबू म्हणतात, शेवटी थोडी नरमाईची ओळ टाकत जा, सगळेच टाकतात. जीजींनी टाइप करणं थांबवलं नाही. “त्यांना म्हनावं, कृपा करायची हौस असन तर मंदिरात जाऊन बसा. इथं नोकरी आहे.” शिपाई हे आत जाऊन सांगणार नाही हे बघून त्या स्वतः उठल्या आणि सांगून आल्या.

आणि खोट्याशी तर त्यांचं हाडवैर. वादळात केळी पडली त्या साली एक चांगला खातापिता शेतकरी आला. म्हणाला, लिहा, सगळा बाग आडवा झाला. जीजींनी विचारलं, सगळा? तो म्हणाला, तसा अर्धा, पण सगळे सगळंच लिहितात. जीजींनी त्याला खुर्चीवरून उठवलं. तो गेल्यावर मी त्याची बाजू घेऊन भांडलो. नुकसान तर झालंच होतं ना त्याचं? थोडं वाढवून सांगितलं तर कुठं बिघडलं? खरं पोचवायचं तर थोडं फुगवावं लागतं, असंही मी म्हणालो. हे माझं साहित्यातलं आवडतं मत होतं.

“तुले साहेब लोक मालूम नाहीत,” त्या म्हणाल्या. “एक खोटं वाक्य सापडलं का बाकीची दहा खरी वाक्यं वाचायची त्यायले गरजच नाही राहत. तेच शोधत बसतात ते. अन् आपन आपल्या हातानं द्यायचं?”

मी वाद घालत राहिलो. मला तेव्हा सगळ्याच गोष्टींवर वाद घालता यायचा.

कामाचा आदेश निघाला की त्या दिवशी जीजी मावा जिलेबी मागवायच्या. एरवी गोडाला शिवायच्या नाहीत. कोणी पेढे घेऊन आलं तर विचारायच्या, काम झालं का? नाही म्हटलं की पेढे परत. त्यांच्या घरादाराबद्दल लोक काहीबाही बोलायचे. नवरा टाकून आल्या असं कोणी म्हणे, टाइपरायटर वडिलांचा असं कोणी म्हणे. मी एकदा धीर करून विचारलं. “अर्जात लागते का ते?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. पुढं पुढं तक्रारी ऑनलाइन झाल्या, लोक मोबाइलवरून पाठवायला लागले, तरी जीजींकडे गर्दी असायचीच. ऑनलाइनचा त्यांना राग नव्हता. “फक्त त्याले वाचून दाखवता येत नाही,” म्हणायच्या. जीजी गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्या शेडमध्ये फॉर्म भरून देणारं दुकान आहे आणि तिथं खुर्ची एकच आहे, दुकानदाराची.

पण मला सांगायचंय ते जिनच्या बायकांचं.

खकनारच्या रस्त्याला एक जिन होती. मालकाचं नाव मी सांगणार नाही, त्याला आयती प्रसिद्धी कशाला द्या. कापसातून सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, असं तिथलं काम. कापसातला कचरा वेचायला आसपासच्या गावांतल्या बायका यायच्या. साडीवर पुरुषी शर्ट आणि तोंडाला फडकं. कामाची पाळी सुरू झाली की जिनचं फाटक बाहेरून कुलूपबंद व्हायचं. बायका मधेच निघून जातात, पदरात कापूस नेतात, म्हणून कुलूप. एका दुपारी यंत्राची ठिणगी उडून रुईच्या ढिगाला आग लागली. आत बायका, बाहेर कुलूप. रेवाबाई नावाच्या बाईनं लोखंडी पहार शोधून कुलूप तोडलं म्हणून सगळ्या जिवानिशी बाहेर आल्या. तिच्या जावेचा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी मालकानं रेवाबाईला आणि तिच्याबरोबर पहारीला हात लावणाऱ्या चौघींना कामावरून काढलं. फाटकाचं नुकसान केलं म्हणून! माफी मागितली तर परत घेईन, म्हणाला. जिनमधल्या सगळ्याच बायका मग कचेरीसमोर येऊन बसल्या, जीजींच्या शेडच्या बाजूलाच, ताडपत्री टाकून. त्यांचं मागणं एका ओळीचं होतं, आणि ते जीजींनीच टाइप केलं होतं: आम्ही आत असताना फाटकाला कुलूप लावायचं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी आगीची चौकशी सुरू केली, तेव्हा मालकानं उलटी फिर्याद लावली. आग या बायकांनीच लावली, असं त्याचं म्हणणं.

मी रोज त्या ताडपत्रीवर जाऊन बसत असे. वही भरत होती. रेवाबाईच्या कपाळावर डावीकडे आडवी जुनी खूण होती, ती मी टिपली. ती हसताना तोंडावर पदर न घेता मान मागे टाकून हसायची, तेही टिपलं. कोणाच्या शर्टाला कोणती बटणं नाहीत, कोण दुपारी भाकरीबरोबर काय खाते, सगळं. आणि मग मी कथा लिहिली. मराठी दिवाळी अंकात छापून आली, पहिल्या पानांत, वर ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पट्टी. माझ्या नायिकेचं नाव ज्वाला. तिच्यावर शहरातून आलेल्या एका पत्रकाराचं प्रेम बसतं. कथेच्या शेवटी ती अपमानानं पेटून उठते आणि बिडीचं थोटूक रुईच्या ढिगावर फेकते. संपादकांनी फोनवर सांगितलं की शेवट वाचून त्यांच्या अंगावर काटा आला.

एका हिंदी वर्तमानपत्रानं माझी मुलाखत घेतली. ताडपत्रीवर, बायकांच्या मधोमध बसवून फोटो काढला. मी म्हणालो, ‘मैं इनके बीच बैठा हूँ। मेरी कहानी का शब्द-शब्द सच है।’ हे वाक्य त्यांनी चौकटीत छापलं. मी तो अंक घेऊन घरभर हिंडलो.

तीन दिवसांनी मालकाच्या वकिलानं तो दिवाळी अंक आणि ती मुलाखत चौकशीच्या फायलीत लावली. लेखक साक्षीदार आहे, तो या बायकांत बसला आहे, त्याला या बायकांनीच हे सांगितलं आहे, आणि कपाळावर डावीकडे आडवी खूण असलेली बाई कोण ते साहेबांनी बाहेर ताडपत्रीवर जाऊन बघावं. रेवाबाईवर आग लावल्याचा गुन्हा दाखल करावा, असा अर्ज होता.

जीजींनी मला बोलावणं पाठवलं. शेडमध्ये गेलो तर अंक टेबलावर उघडा पडलेला. मी आधीच चढ्या आवाजात सुरुवात केली. ही कथा आहे. कथेत कल्पना असते. वकिलाला साहित्य कळत नाही त्याला मी काय करू? माझा एक लेखक मित्र होता, त्याला मी सकाळीच फोन केला होता, आणि तो म्हणाला होता की कलावंतानं खुलासे करत बसायचं नसतं. तेही मी जीजींना सुनावलं.

“कलावंत असशीन तू,” जीजी म्हणाल्या. “मी नाही म्हनून नाही राहिली. पन गोष्ट तुझी अन् जेल तिची, असं कसं रे?”

मी अंक मिटायला हात पुढं केला, जीजींनी तो बाजूला सारला.

“तू हे त्यायले वाचून दाखवलं होतं का?”

“कोणाला?”

“ज्यायचं आहे त्यायले.”

नव्हतं दाखवलं. सुचलंही नव्हतं. ज्यांच्याबद्दल गावोगावचे लोक वाचतील असं मी लिहिलं, त्यांना वाचून दाखवायचं मला कशाला सुचेल? आज लिहिताना याची लाज वाटते, तेव्हा फक्त घाम फुटला होता.

त्याच दुपारी जीजींनी मला ताडपत्रीवर नेऊन बसवलं. बायका कोंडाळं करून बसल्या. मी वाचायला लागलो. पहिल्या पानावर माझा आवाज चांगला लागला. फाटक, कुलूप, तोंडावरची फडकी, बायका माना डोलवत होत्या. मग ज्वाला आली.

“ज्वाला?” मागून एकीनं विचारलं. “असं नाव कोन ठेवते?”

“तिच्या डोळ्यांत अंगार होता,” मी वाचलं.

“रुईची धूळ असन. आमच्या सगळ्यायचेच लाल राहतात.”

हशा पिकला. पत्रकाराच्या प्रेमप्रकरणाला तर त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. इथं एकच पत्रकार आला होता आणि तो फोटो काढून चहा पिऊन गेला, असं त्यांनी मला समजावलं. मी तसाच वाचत राहिलो. शेवटच्या पानावर ज्वालानं थोटूक फेकलं आणि कोणी हसलं नाही.

“हे मी आहो?” रेवाबाईनं विचारलं.

“तुम्ही नाही, ज्वाला.”

“कपायावरची खून तर माही आहे.”

तिची जाऊ शेजारीच बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून.

“भाऊ, आग लावाची असती तर आपन आत राहून कोन लावन?” रेवाबाई म्हणाली. ती चिडलेली नव्हती, खरंच विचारत होती. “फाटक बंद होतं. अंदर आमी होतो. अन् तुह्या ज्वालाले आग लावायले फुरसत कुठून भेटली? आम्हाले तर मुतायले सुट्टी नव्हती.”

मी आयुष्यात माझ्या लेखनावर अनेक परीक्षणं वाचली आहेत. यापेक्षा खरं एकही नाही.

“मी उद्या साहेबांना लिहून देतो,” मी म्हणालो, “की कथा खोटी आहे.”

“अन् मग?” जीजींनी विचारलं. “वकील म्हनन, गोष्ट खोटी तर त्यातलं कुलूपबी खोटं. तू पुरी गोष्टच बुडवशीन. कुलूप याच गोष्टीत आहे ना?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं आणि खोटं मी इतकं कालवून ठेवलं होतं की एक काढायला गेलं तर दुसरंही हातात यायचं. जीजींनी लाल आणि निळी अशी दोन टोकं असलेली पेन्सिल काढली. “पहिल्यापासून वाच,” म्हणाल्या. “एकेक ओळ.”

त्याला दोन दिवस लागले. मी एक ओळ वाचायचो आणि थांबायचो. ती ओळ जिची असेल ती बाई म्हणायची, ‘हे माझं आहे.’ मग निळी खूण. कोणी काहीच म्हणालं नाही तर लाल. कुलूप निळं झालं. रुईची धूळ, बंद खिडक्या, पाळीत पाणी प्यायला न मिळणं, पहार, जावेचा हात, सगळं निळं. प्रेम लाल, अंगार लाल, आग लाल. ज्या वाक्यांवर मी रात्ररात्र घालवली होती ती जवळजवळ सगळी लाल झाली. त्याचा राग आला मला, कबूल करतो. पण त्या रागातच मला हेही दिसत होतं की निळ्या ओळींतली माणसं माझ्या ज्वालापेक्षा कितीतरी जास्त पेटलेली होती. एकीनंही कोणाला जाळलं नव्हतं, फक्त कुलूप तोडलं होतं आणि माफी मागायला नकार दिला होता. त्यात मला गोष्ट दिसली नव्हती.

मित्राचा पुन्हा फोन आला. म्हणाला, बयान देशील तर हसं होईल तुझं, ती मुलाखत लोकांनी वाचलीय. मी म्हटलं, होऊ दे. आणि फोन ठेवला. माझ्या स्वभावाच्या मानानं ते फारच थोडक्यात झालं.

चौकशीच्या दिवशी आम्ही सगळे कचेरीच्या हॉलमध्ये गेलो. साहेबांना मराठी कळत असे, बोलायचे हिंदीत. जीजी ना अर्जदार, ना साक्षीदार, म्हणून शिपायानं त्यांना दारातच अडवलं आणि दार लावून घ्यायला लागला. जीजी शेडमध्ये जाऊन ती लोखंडी खुर्ची घेऊन आल्या. खुर्ची त्यांनी नेमकी उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. आता दार लागेना.

“माताजी, हटिए,” साहेब म्हणाले.

“नाही हटत, साहेब. या बाया बंद दरवाज्यात बसून आल्या आहेत,” जीजी म्हणाल्या. “मी बोलन नाही. पन दार उघडं राहीन.”

साहेबांनी शिपायाला हातानं खूण केली, राहू दे.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की माझ्या कथेतली आग मी मनानं रचली आहे, आणि शब्द न शब्द खरा आहे असं मी वर्तमानपत्रात सांगितलं ते खोटं होतं. वकील याचीच वाट बघत असावा. तो उठला. “नोट किया जाए साहब, लेखक खुद मान रहा है कि कहानी मनगढ़ंत है। तो फिर ताला भी मनगढ़ंत।”

“साहेब, मला ती वाचू द्या,” मी म्हणालो.

“पूरी कहानी?” साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

“पूर्ण. ही फायलीत लावली आहे. लावली आहे तर ऐकावी लागेल.” माझा आवाज चढला होता. मला तो चढवायचाच होता.

मी वाचायला लागलो. ‘पाळी सुरू झाली की फाटकाला बाहेरून कुलूप पडे.’ मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. “हे माझं आहे, साहेब,” ती म्हणाली. मी पुढची ओळ वाचली. दुसरी उठली. “हे माझं.” वकील ओरडला की हा तमाशा आहे, हे कोणत्या नियमात बसतं? साहेब बायकांना म्हणाले, बैठ जाइए. एकही बसली नाही. लाल ओळ वाचून झाली की मी थांबायचो, हॉल गप्प राहायचा, मग मी पुढं जायचो. पाणी न मिळण्याच्या ओळीला तिघी एकदम उठल्या. पहारीच्या ओळीला रेवाबाई आणि त्या चौघी. भाजलेल्या हाताच्या ओळीला रेवाबाईची जाऊ उठली आणि तिनं काही न बोलता पट्टी सोडून हात वर केला. तेव्हापासून साहेब लिहीत होते, घड्याळाकडे बघत नव्हते.

शेवटचं पान आलं. ज्वालानं थोटूक फेकलं. रुई पेटली. सगळा हॉल भरून बायका उभ्या होत्या आणि एकही बोलली नाही. वकिलानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेतलं.

“और ये किसका है?” साहेबांनी विचारलं.

“हे माझं आहे, साहेब,” मी म्हणालो. “एकट्याचं. लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. अहवाल यायला त्यानंतर दोन महिने लागले. रेवाबाईवर गुन्हा दाखल झाला नाही. जिनच्या फाटकाचा बाहेरचा कोयंडा कापून काढला गेला. पाचांपैकी तिघींना कामावर परत घेतलं, दोघींना घेतलं नाही, आणि त्या दोघींसाठी जीजी शेवटपर्यंत अर्ज करत होत्या. वर्तमानपत्रानं माझा खुलासा आतल्या पानावर तीन ओळींत छापला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पुन्हा कथा मागितली नाही. हे सगळं झालं, पण ते नंतर.

त्या दिवशी हॉलमध्ये मी अंक मिटला आणि खाली बसणार होतो. तेवढ्यात रेवाबाई टेबलाजवळ गेली.

“झालं नाही, साहेब,” ती म्हणाली. “यानं माही खून लिवली, मी हसतो कशी ते लिवलं, भाकर कशासंगं खातो ते लिवलं. इतके दिवस आमच्यात बसला. पन कुलूप कोन लावे, चाबी कोनाच्या खिशात राहे, हे यानं एक दिवसबी नाही इचारलं.”

मी माझी वही आठवून बघितली. खरंच नव्हतं विचारलं.

“त्याचं नाव मी सांगतो,” रेवाबाई म्हणाली. “लिवा.”